यशोदाबाईंच्या नावावरची गाडी

आमच्या गावात नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, आणि ते बरोबर डब्याच्या वेळेला येतं. त्या सकाळीही तसंच झालं. नळी हौदात, भाकरी तव्यावर, आणि आमचे हे अंगणात मोटारसायकल पुसता पुसता सारखे "झालं का?" विचारत होते. तेवढ्यात दाराची कडी वाजली. गावातलं माणूस कडी वाजवत नाही. ते बाहेरून हाक मारतं, आत येतं आणि टेकल्यावर विचारतं, "येऊ का?" कडी वाजली म्हणजे माणूस बाहेरचा.

दारात तिशी ओलांडलेला एक गृहस्थ उभा होता. पाठीला बॅग, गळ्यात ओळखपत्र, बुटांवर नरसीच्या रस्त्याची धूळ. नाव सोमेश्वर. नांदेडहून आला होता, गाडीच्या विमा कंपनीचा तपासणीचा माणूस.

"यशोदाबाई मुंजाजी पोले यांचं घर हेच ना?"

हेच नव्हतं. पण मोबाईलचा नकाशा आमच्या दाराशी संपतो. त्याच्या पुढेही गाव आहे, हे नकाशाला अजून कोणी कळवलेलं नाही. त्यामुळे कुरियरवाला, जनगणनेवाला, लग्नाची पत्रिका घेऊन फिरणारा परगावचा पाहुणा, सगळे आधी माझ्याकडे येतात आणि मग मी त्यांना वाटून देते.

"त्यांच्या गाडीची चौकशी आहे. एमएच अडतीस पासिंगची," तो म्हणाला.

तो येणार हे मला कालपासून माहीत होतं. त्याला काय सांगायचं ठरलंय तेही माहीत होतं. म्हणून मी "बसा" म्हटलं आणि आधी भाकरी उलटली.

हे डबा घेऊन निघाले. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "तू मधी बोलू नको." मी ह्यांचं ऐकते असा गावात समज आहे, तो मी कधी मोडत नाही.

आता यशोदाबाई कोण ते सांगायला हवं. त्या मेंढरांमागं वाढलेल्या. जन्म कुठला विचारलं तर गावाचं नाव सांगत नाहीत, शेताचं सांगतात: "वारंगा फाट्याच्या अलीकडं, एका पाटलाच्या तुरीत." लग्न झालं तेही मेंढरवाल्यांच्याच घरात. मुंजाजी पुढं, मेंढ्या मधे, यशोदाबाई मागं, आणि घोड्यावर सगळा संसार. म्हणजे भांडी, गोधड्या, दोन कोंबड्या आणि प्रभू. प्रभू हा त्यांचा एकुलता एक मुलगा. चालायला तो उशिरा शिकला, कारण गरजच पडली नाही.

मेंढरवाल्यांची एक रीत आहे. शेतकरी खतासाठी रात्री कळप आपल्या रानात बसवून घेतो. पण बसवायच्या आधी एकच विचारतो, "काल कुठं बसल्या व्हत्या?" मागच्या रानात खुरकुताची साथ असली तर ती आपल्या बैलांना लागायला नको, म्हणून. या प्रश्नाला मेंढरवाला खोटं उत्तर देत नाही. भाव खोटा सांगेल, मेंढीचं वय खोटं सांगेल, मुलगी बघायला आलेल्यांना घरातली भांडणं सांगणार नाही. पण काल मुक्काम कुठं होता, हे बरोबरच सांगतो. एकदा खोटं पडलं की त्या भागात कोणी रान देत नाही. मुंजाजींनी एकदा खरं सांगितलं म्हणून हातचं रान गेलं होतं. तेव्हा दोघांनी भर पावसात सडकेच्या कडेला कळप बसवला, पण दुसऱ्या दिवशीही खरंच सांगितलं.

गुडघे गेले तशा यशोदाबाई गावात येऊन राहिल्या. मुंजाजी अजून भावकीबरोबर कळपामागं असतात, हल्ली सिद्धेश्वरच्या कालव्याकडेला. यशोदाबाईंकडे पत्र्याचं घर, अंगण आणि थोड्या शेळ्या. त्यातल्याही काही त्यांनी शेजारच्या चांगुणाकडं बटईनं दिल्यात. शेळी यशोदाबाईंची, चारापाणी चांगुणाचं, पिलं निम्मी निम्मी. शेळी बांधलेली चांगुणाच्या दारात असते, पण ती कोणाची याबद्दल गावात वाद नाही.

प्रभू आश्रमशाळेत शिकला, आयटीआय केलं आणि पुण्याकडं कंपनीत लागला. राजनंदिनीशी लग्न झालं, दोन लेकरं झाली. मागं एका दसऱ्याला त्यानं गाडी घेतली, आणि ती आईच्या नावावर घेतली. गावानं कौतुक केलं. पोरगं असावं तर असं, म्हणाले. आईला मात्र प्रभूनं खरं कारण सांगितलं होतं.

"आई, पुण्यातल्या गाडीला विमा महाग पडतो. तिथं गर्दी, चोऱ्या, ठोकाठोकी. हिंगोलीचं पासिंग असलं की स्वस्त."

"बराबर हाय," यशोदाबाई म्हणाल्या. "हितं काय धडकंल? मेंढी?"

हिंगोलीच्या शोरूममध्ये पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात धरून त्यांचा फोटो काढला. त्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. गाडीत त्या बसल्या, नाही असं नाही. शोरूमच्या आत बसल्या. गाडी तेव्हा बंद होती. मग प्रभूला ड्युटी गाठायची होती म्हणून गाडी तिथूनच पुण्याला गेली आणि यशोदाबाई काळीपिवळीत बसून गावाला आल्या. हातात पेढ्यांचा पुडा होता, आम्हा सगळ्यांना एकेक मिळाला.

त्यानंतर गाडी गावात आली नाही. प्रभू एकदोनदा आला, तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं. एवढ्या लांब गाडी आणायची तर डिझेल आहे, टोल आहे, असं म्हणाला. पण यशोदाबाईंनी अंगणात जागा करून ठेवली होती. मुंजाजींकडून चार खांब रोवून घेतले, वर पत्रे टाकले. रोज ती जागा झाडायच्या, आठवड्याला सारवायच्या. तिथं शेळी बांधू द्यायच्या नाहीत.

"यशोदाबाई, तुमच्या मोटारीच्या गोठ्यात शेण कवा पडायचं?" चांगुणा विचारायची.

"तू तुझी शेळी धर," एवढंच उत्तर.

दर वर्षी विमा भरला की प्रभूचा फोन यायचा. त्यांच्या पत्र्याच्या घरात रेंज नाही, आमच्या ओट्यावर आहे. म्हणून हे फोन माझ्यासमोर व्हायचे, तेही स्पीकरवर, कारण फोन कानाला लावला की त्यांना वाटतं पलीकडच्याला ऐकू जात नाही. "आई, तू गावात हायेस म्हणून स्वस्तात सुटलं," प्रभू म्हणायचा. त्या दिवशी यशोदाबाई घरी जाताना जरा ताठ चालायच्या. "मी हितं नुसती बसून कमवून राहिले, वैनी," असं मला एकदा म्हणाल्या. थट्टा नव्हती ती.

आदल्या संध्याकाळचा फोनही असाच ओट्यावर झाला.

"आई, उद्या कंपनीचा माणूस यील. त्याला म्हण, गाडी गावातच असते."

"बरं."

"अन् म्हण, गुडघा दाखवायला मी गाडीतून पुण्याला गेले व्हते. तवाच ठोकली."

"कोणी ठोकली?"

"पाण्याच्या टँकरनं, सोसायटीत. मागं घेताना."

"मला लागलं का?"

"आई, तू गाडीत नव्हतीस!"

"तूच म्हणलास, गेले व्हते."

"गाडी खाली उभी व्हती. तू वर व्हतीस, आमच्या घरात."

"बरं." मग जरा थांबून, "डॉक्टर काय म्हणला?"

"कोणता डॉक्टर?"

"गुडघ्याचा."

"एवढं इचारत न्हाईत ते, आई."

"मी इचारून राहिले."

मग प्रभूनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गाडी गावात राहत नाही असं निघालं आणि कंपनीनं हात वर केले, तर दुरुस्तीचा सगळा भुर्दंड त्याच्यावर येणार होता. मागची डिकी आत गेली होती. राजनंदिनी चिडली होती. "आई, तुझ्या एका शब्दावर हाय आता," तो म्हणाला. यशोदाबाई "व्हय" म्हणाल्या. फोन बंद झाल्यावर मात्र त्या बराच वेळ तिथंच बसून राहिल्या, आणि मी दिलेलं पाणी न पिता गेल्या.

तर सकाळी मी सोमेश्वरला घेऊन त्यांच्या अंगणात गेले.

यशोदाबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. बाजेवर चादर टाकली होती. शेळीच्या दुधाचा चहा झाला. सोमेश्वरनं पहिला घोट घेतला, कपाकडं बघितलं आणि दुसरा घोट घेतला. मग उठून त्यानं पत्र्याखालच्या जागेचे फोटो काढले. वाकून जमिनीकडं बघितलं.

"चाकाची खूण दिसत नाही मावशी."

"मी झाडते ना."

"तेलाचा डाग पण नाही."

"सारवते."

दोन्ही खरं होतं. मी शेळीकडं बघत उभी राहिले.

मग त्यानं विचारायला सुरुवात केली आणि यशोदाबाईंनी पाठ केलेलं म्हणायला. शाळेत कविता म्हणतात तसं, हात जुळवून. गाडी गावात असते. गुडघा दाखवायला गेले व्हते. टँकरनं ठोकली.

"पुण्याला जाताना गाडीत पुढं बसला होता की मागं?"

हे पाठ केलेल्यात नव्हतं. मला वाटलं, आता अडकणार. पण यशोदाबाईंचा चेहरा खुलला.

"मागं. पाय लांब करून. उशी घेतली व्हती. काचा लावल्या व्हत्या सगळ्या, आत थंडगार. प्रभू म्हणला, आई, झोप. मी म्हणलं, न्हाई, मला बघू दे. मग त्यानं हळू चालवली."

सोमेश्वर लिहीत होता. "वाटेत कुठं थांबलात?"

"थांबलो ना. धाब्यावर. लेकरं व्हती संगं, त्यांना भजे पायजे व्हते. धाकटं माझ्या मांडीवर झोपलं."

लेकरं संगं होती हे प्रभूनंही सांगितलेलं नव्हतं. त्या इतक्या सहज सांगत होत्या की मलाच क्षणभर वाटलं, या गेल्या होत्या की काय आणि आपल्याला कळलं नाही.

सोमेश्वरनं पान उलटलं. "ठीक. आता शेवटचं. ठोकली त्याच्या आदल्या रात्री गाडी कुठं होती?"

यशोदाबाईंनी पदर सारखा केला. चांगुणाच्या दारातली शेळी ओरडली, तिकडं एकदा बघितलं.

"पुण्यात," त्या म्हणाल्या.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही पोचला होता म्हणून?"

"न्हाई. ती रोज तिथंच बसते. घेतल्यापासून."

सोमेश्वरचं पेन थांबलं. "आणि गुडघा?"

"गुडघा हितंच हाय."

"म्हणजे तुम्ही पुण्याला गेलाच नाहीत?"

"लय फिरले मी. पार लोणारापर्यंत कळप नेला. पुणं न्हाई लागलं वाटंत."

मी मधे बोलणार नव्हते, पण विचारलं, "अहो, मग ते उशी आणि भजी?"

"ते तसंच झालं असतं, वैनी," त्या म्हणाल्या. "पण काल कुठं बसली ते कसं बदलून सांगू?"

सोमेश्वरनं लिहिलेलं पान बघितलं. मग पेन खिशाला लावलं आणि चहा संपवला. फोटो पाठवायला रेंज लागते, म्हणून आम्ही तिघं आमच्या ओट्यावर आलो. यशोदाबाई गुडघ्यावर हात ठेवत, हळूहळू. ओट्यावर पोचतो न पोचतो तोच त्यांचा फोन वाजला. त्यांनी सवयीनं स्पीकर लावला.

"आई, तो माणूस आला का?"

"आलाय. हितंच बसलाय."

"काय सांगितलं त्याला?"

"तू सांगितलं ते सांगितलं. मग खरं बी सांगितलं."

"आई!"

"वरडू नको. त्यो ऐकून राहिलाय."

"प्रभूभाऊ, नमस्कार," सोमेश्वर फोनकडं वाकून म्हणाला. शेळीच्या दुधाचा परिणाम असेल, पण त्याची कार्यालयातली भाषा आता गावाकडं वळली होती. "तुमी क्लेमच्या अर्जात काहून असं लिहिलं, भाऊ? आईला पुण्याला आणलं म्हणून?"

"साहेब, आईला ह्यातलं समजत न्हाई. तिचं मनावर घेऊ नका."

"मला समजतं," यशोदाबाई म्हणाल्या. "गाडी माझी हाय. तुझ्याकडं बटईनं हाय. चांगुणाकडं शेळी हाय तशी. शेळी तिच्या दारात बांधली, ते मी कवा लपवलं? चांगुणा बी न्हाई लपवत. मग तूच काहून लपवून राहिलास?"

"आई, गाडीला बटई नसते!"

"मग कशानं दिली मी तुला?"

सोमेश्वरनं माझ्याकडं बघितलं. मी बटई म्हणजे काय ते त्याला सांगायला लागले, तर तो म्हणाला, "ताई, माझ्या मामाचं रान बटईनंच हाय. समजलं मला. ते लिहायचं कुठं, ते न्हाई समजलं."

मग त्यानं आम्हा सगळ्यांना शांतपणे सांगितलं. विम्याचा दर गाडीचं पासिंग कुठलं यावरून ठरतो. मोजकी मोठी शहरं एका गटात, त्यांना जास्त. बाकी सगळा देश दुसऱ्या गटात, त्याला कमी. पुणं जास्तीच्या गटात आहे. नागपूर आणि आमचं गाव एकाच गटात आहेत. हे ऐकून मला उगीच बरं वाटलं. गाडी कुठंही नेता येते, तो म्हणाला, परगावी ठोकली म्हणून काही कोणी अडवत नाही. पण न झालेली हकीकत लिहून दिली की फाईल अडकते. आता जे ऐकलं ते तो लिहिणार. वरचे साहेब काही कापतील, काही देतील, की सगळंच नाकारतील, ते त्याच्या हातात नाही.

"पण साहेब, पासिंग पुण्याचं असतं तर कितीचा फरक पडला असता?" मी विचारलं. हे खरं तर प्रभूनंच विचारायला हवं होतं, तो अजून फोनवरच होता.

"तुमच्या गाडीला? फार न्हाई. पुण्यात चौघं जण एकदा हॉटेलात जेवतील एवढा. वर्षाला."

"एकदा?" यशोदाबाईंनी विचारलं.

"एकदाच. साध्या हॉटेलात."

ओट्याच्या कडेला माझी तूर वाळत होती, त्यातले दोन खडे यशोदाबाईंनी वेचले आणि बाजूला ठेवले. मग आणखी एक वेचला.

"मला वाटलं, लय असल," त्या म्हणाल्या.

"आई, तसं न्हाई," फोनमधून प्रभू म्हणाला. "सगळं मिळून व्हतं ना. आमाला तेवढंच बरं पडतं."

"व्हय, व्हय. मी कुठं काय म्हणले."

मी आत जाऊन पाणी आणलं. ह्या वेळी त्यांनी ते घेतलं, सगळं प्यायल्या आणि तांब्या खाली ठेवला. सोमेश्वरचे फोटो अजून जातच होते, आमच्या ओट्याची रेंजही काही फार मोठी नाही. तोवर त्यानं नवीन कोरा कागद काढला, सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून लिहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. उशी, भजी आणि मांडीवर झोपलेलं लेकरू त्यात नव्हतं. यशोदाबाईंनी ते वगळलेलं नीट ऐकून घेतलं. मग सही केली. त्यांची सही म्हणजे पूर्ण नाव असतं, नवऱ्याच्या नावासकट, आणि प्रत्येक अक्षर लिहून झाल्यावर त्या थांबून ते बघतात. प्रभूनं लहानपणी शिकवलेली सही आहे ती, आश्रमशाळेच्या सुट्टीत.

"मावशी, मालक तुमी हाव," सोमेश्वर म्हणाला. "शेवटी मालकाचं म्हणणं लिहायचं असतं. काय लिहू?"

"आई, म्हण, लवकर मंजूर करा," फोनमधून आवाज आला.

यशोदाबाईंनी फोनकडं एकदा बघितलं आणि त्या सोमेश्वरकडं वळल्या.

"साहेब, गाडी नीट झाली की कोणी बघाया येतं का?"

"येतं ना. दुरुस्ती झाल्यावर एकदा बघावी लागते. मीच यील, न्हाई तर तिकडचा कोणी जाईल."

"कुठं बघता?"

"मालक म्हणल तिथं. कुठं बी चालतं."

"मग लिव्हा," यशोदाबाई म्हणाल्या. "गाडी माझ्या दारात बघावी. पुण्यात नगं."